लवचिकतेत शून्य

त्या कॉलेजात लवचिकता या विषयात शून्य मिळवून दाखवणारी खुंटी ही पहिलीच. तिथं नापास होणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. एक मुलगा सबंध सत्रात वर्गाकडे फिरकलाच नाही, त्यालासुद्धा पास केलं आणि वर शेरा दिला, 'अनुपस्थितीशी उत्तम जुळवून घेतो.' दुसरा एक तर कॉलेजचा नव्हताच. कुणा नातेवाइकाला शोधत आत शिरला, चुकून वर्गात बसला आणि तास संपेपर्यंत उठला नाही, म्हणून त्याला प्रथम श्रेणी. आणि रोज वेळेवर येऊन पहिल्या बाकावर बसणाऱ्या खुंटीच्या पदरात भोपळा!

खुंटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती एखादा प्रश्न विचारून जिथं उभी राहायची, तिथून उत्तर मिळाल्याशिवाय हलायची नाही. एकदा दुकानदाराला तिने विचारलं, "काका, तागडीवर तुमचा अंगठा का आहे?" आणि राहिली उभी. गिऱ्हाइकं आली, गेली. दुकानदाराने दुकानाची फळी लावली तरी ही आतच. शेवटी त्याने अंगठाही काढला आणि हातही जोडले, तेव्हा कुठं बाईसाहेब हलल्या. त्या दिवशी आई म्हणाली, "पोरगी आहे का खुंटी?" गल्लीने ते नाव उचललं आणि ते तिच्यामागोमाग कॉलेजातही पोचलं.

कॉलेज होतं यंत्रकामाचं. तळमजल्यावर लांबरुंद वर्कशॉप, आणि त्यात ओळीने लेथ. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवून त्याला तासणारं यंत्र. ज्या जबड्यात तो तुकडा आवळतात त्याला म्हणायचं चक, आणि चकवर येते वाकवलेल्या पत्र्याची एक ढाल, म्हणजे गार्ड. ती कशासाठी, हे ज्याची बाही एकदा चकमध्ये अडकली त्याला विचारावं, तो सांगायला उरला असेल तर. पहिल्या वर्षी खुंटी त्या लेथवर अशी रमली, की सुटीच्या दिवशीही तिच्या केसांना तेलाचा वास यायचा. तिच्या हाताखालून लोखंडाच्या साली अशा लांबच लांब निघायच्या, की एक साल म्हणे दारातून बाहेर पडली, वळणावरून वळली आणि थेट प्राचार्यांच्या टेबलापर्यंत गेली. टेबलापर्यंत गेली की दारापर्यंतच, यावर मुलांमध्ये मतभेद होते. पण वळली हे सगळ्यांना मान्य होतं.

मोठी सुटी संपवून मुलं परत आली तर वर्कशॉपच्या दारावर नवी पाटी. 'माइंडसेट कक्ष.' आत फिकट रंगाच्या भिंती, गालिचा, आणि बसायला खुर्च्यांच्या जागी गुबगुबीत पिशव्या. उद्घाटनाच्या दिवशी हेडक्लार्क त्यातल्या एकीवर बसले, ते आत गेले. दोघांनी हात धरून त्यांना उपसून काढलं, पण एक बूट आतच राहिला. तो बरेच महिने सापडला नाही. छताला मधोमध टांगलेला एक पिवळा दिवा होता, त्याची छत्री जाड, वाकवलेल्या पत्र्याची, आणि कडेला एक बिजागरी. सजावटकाराने तिला 'कारखानी सौंदर्य' असं नाव दिलं होतं.

आणि लेथ? बरेचसे भंगारात गेले. उरलेले दोन जिन्याखाली, ताडपत्रीच्या आड, झाडू आणि फरशी पुसायच्या बादल्यांच्या सोबतीला.

"यंत्रं जुनी होतात," प्राचार्य सभेत म्हणाले, "माइंडसेट जुना होत नाही. उद्याच्या जगात टिकायचं तर एकच गुण लागतो. जुळवून घेणं!" आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेक लांब निळी फीत घालण्यात आली. तिच्या टोकाला बिल्ला, 'मी जुळवून घेतो.' मुलींनाही तोच बिल्ला. मुलींनी तेवढं जुळवून घ्यायचं होतं.

हा विषय शिकवायचे स्प्रिंगसर. "आयुष्यात स्प्रिंग व्हा," हे त्यांचं पालुपद, म्हणून हे नाव. बोलता बोलता ते टाचा उचलून वर खाली होत. पूर्वी ते याच वर्कशॉपात यंत्रांची ड्रॉइंग शिकवायचे, तेव्हा एका जागी उभे राहून हळू आवाजात बोलायचे आणि खडूची एक रेघ मारून आधी तिच्याकडे नीट बघायचे. खुंटीला ते सर आठवत होते. म्हणूनच आताच्या या उड्या बघून तिला हसू यायचं नाही, राग यायचा.

"अडचण म्हणजे काय?" स्प्रिंगसर विचारत.

"संधी!" वर्ग एका सुरात ओरडे. सगळ्यात मोठा आवाज होयबाचा. होयबा हा वर्गातला सर्वांत हुशार मुलगा, म्हणजे गुणांच्या बाबतीत. सर 'अ' म्हणाले की हा संधी म्हणून मोकळा.

"आपल्याकडे लेथ नाही, म्हणजे काय आहे?"

"संधी!"

"जिन्याखाली आहे," खुंटी म्हणाली. "ताडपत्री काढली की दिसतो. सर, वर्षाअखेरीला कारखान्यातून माणसं येणार, लेथवर काम करून दाखवा म्हणणार. आम्ही हात कशावर बसवायचा?"

"हात नंतर बसतो. आधी मन बसवायचं." स्प्रिंगसर चवड्यांवर उचलले गेले. "उठा सगळे. डोळे मिटा. समोर तुमचा लेथ आहे. बघा. चालू करा!"

आणि काय सांगावं! अख्खा वर्ग डोळे मिटून हवेत हँडलं फिरवायला लागला. कुणी तोंडाने घुर्रर्र आवाज काढला, कुणी हवेतलं माप हवेतल्या मापपट्टीने मोजलं. होयबाने मध्येच 'स्स' केलं आणि बोटावर फुंकर घातली.

"काय झालं रे?"

"सर, तापलेली साल उडाली."

"शाब्बास! याला म्हणतात माइंडसेट!"

खुंटी हाताची घडी घालून उभी.

"तू का थांबलीस?"

"माझ्या लेथची वीज गेलीये सर."

वर्गात खसखस पिकली. स्प्रिंगसर चवड्यांवरून खाली आले ते वर गेलेच नाहीत. "अगं, मनातल्या लेथला वीज कशाला लागते?"

"नाही लागत ना? मग नोकरी पण मनातल्या मनातच लागणार का?"

 क्षणभर सरांची नजर वर, त्या पिवळ्या दिव्याकडे गेली आणि लगेच परत आली. सत्र संपलं तेव्हा खुंटीच्या नावापुढे शून्य होतं.

घर म्हणजे एक खोली आणि तिच्यातच कापडी पडदा लावून केलेली दुसरी. पडद्याच्या अलीकडे स्वयंपाक, पलीकडे झोप. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. तिथं धुतलेल्या चादरी तापलेल्या रुळांच्या मधून सरकवायच्या, की पलीकडून कडक इस्त्री होऊन निघतात. आईच्या डाव्या हाताची दोन बोटं एकेक पेर कमी होती. बाहेर निघाली की ती तो हात पिशवीच्या पट्ट्यात घालून ठेवायची. फोटो काढायची वेळ आली की पिशवी उजव्या खांद्यावरची डाव्या खांद्यावर यायची.

"शून्य?" आई भांडी घासता घासता थांबून म्हणाली. "शून्य कसं मिळेल गं? काहीतरी लिहिलंच असशील ना?"

"लिहायचं नसतं आई. वाकायचं असतं."

"मग वाकायचं थोडं. तुझं काय मोडणार होतं? दोन मिनिटं हात हलवले असतेस हवेत. मी नाही का, आयुष्यभर जुळवून घेतलं?"

खुंटी आईच्या हाताकडे बघायला लागली. आईने तो पाण्यात घातला.

"आई, त्या दिवशी मुकादम काय म्हणाला होता?"

"कुठल्या दिवशी?"

"तुला माहितीये कुठल्या."

आईने एक ताटली उगाच पुन्हा घासली. "रुळापुढची जाळी दुरुस्तीला गेली होती. तो म्हणाला, ताई, दोन दिवस सांभाळून घ्या. मी म्हटलं, घेते." तिने नळ बंद केला. "आता झालं ते झालं. किती वेळा विचारशील?"

"मुकादमाचं काय झालं?"

"बढती." आई चक्क हसली. "संकटात डोकं शांत ठेवलं म्हणून."

खुंटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पडदा ओढला, पडद्याची दोरी तुटली, आणि आईने तीही मुकाट्याने बांधली, डाव्या हाताचा अंगठा आणि उरलेली बोटं वापरून, इतक्या सफाईने की बघणाऱ्याला वाटावं बोटं मुळात असतातच तेवढी. हीच सफाई खुंटीला बघवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. नोटीस बोर्डावर लागलं होतं की लवचिकतेत जे नापास, त्यांना कारखान्याच्या परीक्षेला बसता येणार नाही. आणि तो कारखाना म्हणजे साधासुधा नव्हे. तिथं एकदा टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, म्हणून चिकटलेला माणूस सन्मानाने निवृत्त व्हायचा, आणि निवृत्तीच्या दिवशी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू शकायचा. खुंटीला दुसरं काही नको होतं.

"ये," प्राचार्य म्हणाले. "अडचण काय आहे? नव्हे, संधी काय आहे?"

"सर, मला परीक्षेला बसू द्या. लेथवर वर्गात सगळ्यात चांगला हात माझा आहे, पहिल्या वर्षाचे गुण बघा."

"तो जुना अभ्यासक्रम. नव्या नियमानं तू बसत नाहीस."

"मग नियमात थोडी सवलत द्या."

"हे बघ मुली," प्राचार्य खुर्चीत मागे रेलले, "नियम म्हणजे नियम. तो कुणासाठी वाकत नसतो."

"म्हणजे त्यालाही शून्य द्यायला हवं."

प्राचार्यांनी घंटी वाजवली. शिपाई आला. खुंटीला हलवायला म्हणून त्याने बरेच प्रयत्न केले म्हणतात, शेवटी टेबलच खिडकीकडे सरकवलं, म्हणजे प्राचार्यांना ती दिसणार नाही. ती संध्याकाळपर्यंत तशीच उभी होती. कॉलेज बंद झालं तेव्हा रडत नव्हे, फणफणत घरी गेली.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून जिन्याखाली धांदल. झाडू, बादल्या हलवल्या, ताडपत्री ओढली, तर एका लेथच्या पोटात मांजरीने पिलं घातलेली. त्याला बाद केलं. उरला एक. त्याला घासूनपुसून, तेल पाजून, वीज जोडून मोकळ्या जागेत आणला. जिन्याच्या पायऱ्यांवर मुलं ओळीने बसली, सगळ्यांच्या गळ्यात निळ्या फिती. खुंटी सगळ्यात वरच्या पायरीला, कठड्याला टेकून उभी. तिला परीक्षा द्यायला बंदी होती, बघायला बंदी घालायची राहून गेली होती.

कारखान्यातून आल्या त्या तपासनीसबाई. बुटक्या, मनगटं भक्कम, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, पण दोरी आखूड, लोंबू नये एवढीच. प्राचार्यांनी स्वागताचं भाषण सुरू केलं. "आमचे विद्यार्थी कुठल्याही परिस्थितीत..."

"पहिला कोण?" बाई म्हणाल्या आणि तपासायचे लोखंडी तुकडे टेबलावर मांडायला पाठमोऱ्या झाल्या.

होयबा पुढे झाला. त्याने तुकडा चकमध्ये आवळला. ते मात्र बरं जमलं, पहिल्या वर्षाचं थोडं शिल्लक होतं. मग नीट दिसावं म्हणून तो वाकला. गळ्यातली फीत लोंबली. बिल्ला चकच्या अगदी वर झुलायला लागला, 'मी जुळवून घेतो.' आणि त्याचा हात चालू करायच्या दांड्याकडे गेला.

खुंटीला वरून सगळं एकदम दिसलं. फीत, चक, आणि चकवर जिथं ढाल असायला हवी तिथं नुसती मोकळी हवा.

त्यानंतर ती किती पायऱ्या उतरली यावर पुन्हा मतभेद आहेत. काही जण शपथेवर सांगतात की एकही नाही, ती कठड्यावरून सरळ खालीच आली. एवढं खरं, की होयबाने दांडा उचलायच्या आत भिंतीवरचं विजेचं मोठं बटण खाडकन खाली पडलं होतं, सगळ्या इमारतीचे पंखे थांबले होते आणि खुंटी होयबाची फीत धरून त्याला मागे खेचत होती.

"अगं, गळा! गळा!" होयबा ओरडला.

"तोच वाचवतेय, मूर्खा!"

"हा काय तमाशा आहे?" प्राचार्यांचा चेहरा लालबुंद. "हिला बाहेर काढा! बाई, माफ करा, ही मुलगी नापास आहे."

बाई वळल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, चक बघितला, फीत बघितली, मग पायऱ्यांवरच्या साऱ्या फितींवरून नजर फिरवली. "गार्ड कुठंय?"

"गार्ड ना?" प्राचार्यांनी रुमाल काढला. "ते दुरुस्तीला गेलंय. दोन दिवसांत येईल. तोवर आमची मुलं सांभाळून घेतात."

खुंटीच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. शब्द तेच. धुलाईघरातले, तापलेल्या रुळापुढचे. जणू सगळ्या जगातल्या मुकादमांना एकाच शाळेत हे वाक्य पाठ करून घेतलं असावं.

"काय सांभाळून घ्यायचं?" ती प्राचार्यांच्या समोर गेली.  "बोटं? तुमच्याकडे पिशव्या आणायला सवड होती, गालिचा अंथरायला होती, फिती वाटायला होती. एक पत्र्याचं झाकण बसवायला नव्हती? जुळवून घ्या, जुळवून घ्या! आम्हीच का दर वेळी? तुम्ही एकदा तरी घ्या ना! माझ्या आईनं घेतलंय जुळवून, या दाखवते, मोजा तिची बोटं!"

 मांजरीचं एक पिलू तेवढं बोललं.

बाई तुकडे परत पिशवीत भरू लागल्या. "गार्ड नसेल तर परीक्षा नाही. आणि या कॉलेजात परत येणंही नाही."

पायऱ्यांवर एकदम कालवा झाला. कुणी रडायला लागलं. होयबा लेथपाशीच खाली बसला. खुंटीलाही कळलं, की आपण खरं बोललो आणि सगळ्यांचीच परीक्षा गेली, आपल्या उरल्यासुरल्या आशेसकट. ती लेथकडे वळली. चकच्या मागे, यंत्राच्या अंगावर, बिजागरी बसवायची दोन भोकं होती, मोकळी. ती त्या भोकांकडे बघत राहिली. बिजागरीची ढाल. जाड पत्र्याची, वाकवलेली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: दिव्याच्या छत्रीला बिजागरी कशाला असते?

माइंडसेट कक्षात स्प्रिंगसर एकटेच होते, एका पिशवीत रुतून बसलेले. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू गेलं असणार. खुंटी धापा टाकत आत शिरली आणि वर बोट दाखवलं.

"सर, ते गार्ड आहे."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच टांगलं." सरांचा आवाज ड्रॉइंगच्या तासाचा, हळू. "सजावटकाराला ते आवडलं. मला सांगण्यात आलं, ड्रॉइंगचा विषय बंद, हा शिकवा, नाहीतर घरी जा. मी टांगलं. रंगही मीच दिला."

"आणि मला शून्य?"

"एकाला तरी शून्य द्या म्हणाले, नाहीतर परीक्षा खोटी वाटेल." ते तिच्याकडे बघत नव्हते. "मला वाटलं, तुला झेपेल."

खुंटीला त्यांना खूप काही ऐकवायचं होतं. रात्र रात्र तिने ते मनात रचलं होतं. पण ते पिशवीतून उठायची धडपड करत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. तिने हात पुढे केला आणि ओढलं. ते भसकन बाहेर आले, आणि त्यांच्याबरोबर हेडक्लार्कचा बूटही.

"मी टेबल धरतो, तू चढ," सर म्हणाले. "घाई करू नकोस. डाव्या बाजूची पिन वाकलीये, आधी ती सरळ कर, मग निघेल."

वीज खुंटीनेच घालवलेली होती, त्यामुळे वायर तोडायला भीती नव्हती. दोघांनी मिळून ती पिवळी ढाल बाहेर आणली तेव्हा बाई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या थांबल्या. खुंटीने कुणाची परवानगी विचारली नाही. भोकात बोल्ट बसवले, सरांनी खालून धरलं, तिने पान्याने आवळलं. ढाल चकवर खाली घेतली, वर उचलली, पुन्हा खाली घेतली. कर्रर्र वाजली, पण बसली.

बाई परत आल्या आणि त्यांनी ढाल हलवून बघितली. "आता करून दाखव."

"तिला बसता येत नाही," प्राचार्य म्हणाले. "शून्य आहे तिला."

"कशात?"

"लवचिकतेत."

"असू दे." बाईंनी पिशवीतून तुकडा काढून खुंटीच्या हातात दिला. "आम्हाला लोखंड कापायला लागतं ते टूलही न वाकणारंच लागतं. आणि सगळ्यांनी आधी त्या फिती काढा, गळ्यात कसले फास घालून बसलात!"

आता खरं सांगायचं तर खुंटीचं काम काही डोळे दिपवणारं झालं नाही. वर्षभर लेथला हात न लागलेला. सरांनी वायरीची तुटकी टोकं गुंडाळून वीज परत चालू केली, आणि पहिल्या कापाला यंत्र असं किंचाळलं की पिलं पळाली. तिने थांबवलं, टूल सैल केलं, पुन्हा लावलं. माप बरोबर आलं, पण अंग खरबरीत राहिलं. बाईंनी बोट फिरवून बघितलं.

"हात गंजलाय," त्या म्हणाल्या. "निघेल गंज. पहिल्या तारखेला ये."

होयबाचं मात्र जमलं नाही. त्याने हँडल उलटं फिरवलं. मनातल्या लेथवर ते कसंही फिरवलं तरी चालायचं, त्याची काय चूक? तो मान खाली घालून गेला, पण दहाच्या दहा बोटं घेऊन गेला. जाताना खुंटीपाशी घुटमळला. "गळा अजून दुखतोय," म्हणाला, आणि मग, "दुखू दे."

खुंटी कारखान्यात रुजू झाली. तिथं गार्ड उचललं की लेथ आपोआप थांबायचा. पहिल्या दिवशी ती ते नुसतं उचलून, पाडून बघत बसली, शेवटी फोरमन म्हणाला, "बाई, काम पण करा."

आणि मग एका सुटीच्या दिवशी होयबा धावत घरी आला. "चल लवकर. कॉलेजच्या फाटकावर बघ काय लावलंय."

आईही निघाली, पिशवी डाव्या खांद्याला अडकवून.

फाटकावर खुंटीचा फोटो. माणसापेक्षा मोठा. कुठून मिळवला देव जाणे. खाली ठळक अक्षरात रंगवलेलं, 'लवचिकतेची जिवंत मूर्ती! आमच्या माइंडसेट कक्षात घडलेली विद्यार्थिनी!'

 खुंटीला राग इतका आला की त्याला तोंडातून बाहेर पडायला जागा मिळेना. मग ती सरळ आत गेली आणि प्राचार्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. टेबल अजून खिडकीजवळच होतं. आई तिच्या मागे.

"तो फोटो काढा."

"अगं, कौतुक केलंय तुझं!"

"मला तुम्ही शून्य दिलंत."

"ते जुनं झालं. आता तू आमची शान आहेस. नवी मुलं बघतात, प्रवेश घेतात."

"मग खरं तेही लिहा. फोटोखाली माझे गुण लिहा. लवचिकता, शून्य."

"असं कसं लिहिता येईल?" प्राचार्य आईकडे वळले, आवाजात साखर घोळून. "ताई, तुम्ही सांगा हिला. तुम्ही समजूतदार दिसता. थोडं जुळवून घ्यायला काय हरकत आहे?"

 आई पुढे आली, खुंटीच्या शेजारी उभी राहिली आणि पाय जरा फाकून नीट रोवले. खुंटीने चमकून बघितलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हा उभं राहायचा प्रकार आपण कुणाकडून घेतला ते आपल्याला आजवर माहीतच नव्हतं.

"नाही घेणार," आई म्हणाली.

प्राचार्यांनी घंटी वाजवली. शिपायाने दोघींकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. टेबल आणखी सरकवायला जागा नव्हती, पुढे खिडकीच होती. दुपार कलली. प्राचार्यांचा डबा टेबलावरच थंड झाला. शेवटी त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं.

रंगारी फाटकावर शिडी लावून चढला, काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि 'लवचिकता' लिहून खाली वळला.

"शून्य केवढं काढू?"

खुंटी बोलणार, तोच आईने पिशवी खांद्यावरून उतरवून तिच्या हाती दिली. डावा हात उचलून उजव्या हातासमोर धरला आणि सगळ्या रस्त्यादेखत दोन्ही हात हळूहळू लांब लांब नेत म्हणाली, "एवढं."